ऐंशी सेकंदांचे गणित

निकालाचे दिवस जवळ आले की गणिताच्या प्राध्यापकाला एकाएकी महत्त्व प्राप्त होते. एरवी वर्षभर ज्याच्या तासाला मागचे बाक रिकामे असतात, त्याच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पालकांची रीघ लागते. कोणी शिकवणीची चौकशी करतो, कोणी पुस्तकांची यादी मागतो. अलीकडे या प्रश्नांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. आठवी-नववीतल्या मुलाचा हात धरून आलेले वडील विचारतात, "सर, ते गणिताचं ऑलिम्पियाड का काय म्हणतात, त्याचा अभ्यास केला तर पुढं सीईटीला, जेईईला उपयोग होतोय काय?"

हा प्रश्न ऐकून नाक मुरडणारे गणितप्रेमी मला ठाऊक आहेत. विद्या ही विद्येसाठी, तिचा बाजारभाव काय विचारता, असे त्यांचे म्हणणे. मला मात्र तसे म्हणवत नाही. उद्यमबागेतल्या फौंड्रीत पाळी करणाऱ्या किंवा खानापूर तालुक्यात दोन एकर भात लावणाऱ्या माणसाच्या घरी क्रमांकाच्या यादीत चार हजारांनी वर-खाली होणे म्हणजे सरकारी जागा मिळणे किंवा न मिळणे, आणि पर्यायाने कर्ज काढणे किंवा न काढणे असते. अशा घरातला मुलगा आठवड्याचे सहा तास कशावर तरी खर्च करणार असेल, तर त्यातून काय हाती लागेल हे विचारण्याचा बापाला पूर्ण अधिकार आहे. म्हणून या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी दोन्ही परीक्षांची ओळख करून घेऊ. कर्नाटकाच्या सीईटीत गणिताचे ६० प्रश्न असतात आणि वेळ ८० मिनिटे. भागाकार करून पाहा : एका प्रश्नाला ऐंशी सेकंद. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय, बरोबर उत्तराला एक गुण, चुकल्यास दंड नाही. जेईई मेनमध्ये सध्या तिन्ही विषयांचे मिळून ७५ प्रश्न, तीन तास, ३०० गुण. बरोबर उत्तराला चार आणि चुकीच्या उत्तराला उणे एक. पलीकडे महाराष्ट्राच्या सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. तपशील निरनिराळे, पण जात एकच. परीक्षकाला तुमचे उत्तर हवे आहे; ते तुम्ही कसे काढले याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

ऑलिम्पियाडची गोष्ट वेगळी. (या नावाच्या अनेक खाजगी परीक्षा शाळांतून घेतल्या जातात, त्यांतल्या बहुतेक पर्यायी उत्तरांच्याच असतात. मी बोलतो आहे ती मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली चालणारी मालिका.) तिची पहिली पायरी म्हणजे तीन तासांत ३० प्रश्न, उत्तर ही एक दोन अंकी संख्या आणि पर्याय दिलेले नसतात. दुसऱ्या पायरीला तीन तासांत सहाच प्रश्न, आणि येथे पूर्ण सिद्धता लिहावी लागते. सर्वांत वर आंतरराष्ट्रीय स्पर्धा. ती १९५९ साली रुमानियात सुरू झाली, भारत १९८९ पासून तिच्यात उतरला आणि १९९६ साली ती मुंबईत भरली होती. तेथे दोन दिवस, रोज साडेचार तास आणि रोज तीन प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला दीड तास! २०२४ साली इंग्लंडातील बाथ येथे आपल्या सहा जणांच्या संघाने चार सुवर्णपदके मिळवून चौथा क्रमांक पटकावला.

एकीकडे ऐंशी सेकंद, दुसरीकडे नव्वद मिनिटे. दीड तास एका जागी बसून विचार करण्याची सवय ऐंशी सेकंदांच्या शर्यतीत काय कामाची, अशी शंका कोणालाही येईल. अभ्यासक्रम पाहिला तर ही शंका अधिकच बळावते. ऑलिम्पियाडचे चार खांब म्हणजे बीजगणित, भूमिती, संख्या सिद्धांत आणि मोजणीचे गणित. कलनशास्त्र, म्हणजे ज्याला आपण कॅल्क्युलस म्हणतो, ते तेथे लागत नाही. प्रवेश परीक्षेत मात्र कलन, सदिश, सारणी, निर्देशक भूमिती यांचेच राज्य. दोहोंचा सामाईक प्रदेश पाहावा तर वर्गसमीकरणे, क्रमचय-संयोग, संभाव्यतेचा काही भाग, असमानता, त्रिकोणमिती एवढाच. तेव्हा ऑलिम्पियाडचे पुस्तक संपवले म्हणजे सीईटीचा निम्मा अभ्यास झाला, असे कोणी सांगत असेल तर तो आपल्याला काहीतरी विकतो आहे असे खुशाल समजावे.

मग उपयोग कोठे आहे? तो दाखवायला दोन उदाहरणे घेतो.

पहिले असे. एक भागिले क्ष अधिक एक भागिले य बरोबर एक भागिले सहा. क्ष आणि य या धन पूर्णांक संख्या आहेत. अशा क्रमित जोड्या किती? सामान्य विद्यार्थी क्ष बरोबर सात, आठ, नऊ असे घालून पाहू लागतो, आणि ऐंशी सेकंद त्यातच संपतात. सराव केलेला विद्यार्थी छेद काढून समीकरण मांडतो आणि दोन्ही बाजूंना छत्तीस मिळवतो. आता डावीकडे (क्ष − ६) गुणिले (य − ६) आणि उजवीकडे ३६. म्हणजे प्रश्न उरला तो ३६ चे विभाजक किती एवढाच. ते नऊ, उत्तर नऊ. वीस सेकंदांचे काम! पण त्याहून महत्त्वाचे पुढेच आहे. दोन ऋण संख्यांचा गुणाकारही ३६ होतो, मग त्या का सोडल्या, हे त्याने क्षणभर तपासलेले असते (त्या घेतल्या तर क्ष किंवा य यांपैकी एक तरी शून्य वा ऋण होतो). आणि 'क्रमित' हा शब्दही त्याच्या नजरेतून सुटलेला नसतो. घाईने वाचणाऱ्याला पाच हे उत्तर सापडते, आणि परीक्षकाने पर्यायांत पाच हा आकडा मुद्दाम ठेवलेला असतो!

दुसरे उदाहरण कलनाचे. शून्यापासून पायच्या निम्म्यापर्यंत संकलन करायचे आहे. अंशात साइन क्षचा कोणता तरी घात. छेदात साइन आणि कोसाइन या दोघांच्या त्याच घातांची बेरीज. पीयूसीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला याचे उत्तर पाठ असते : पाय भागिले चार. का, असे विचारले तर वर्गात शांतता पसरते. आता गाऊसची ती सुप्रसिद्ध बालपणची गोष्ट आठवा. एक ते शंभरची बेरीज करताना पहिल्याची शेवटच्याशी, दुसऱ्याची उपांत्याशी जोडी लावली की प्रत्येक जोडी १०१ होते. अशा पन्नास जोड्या, म्हणून ५०५०. आपल्या संकलनातही हेच आहे. क्षच्या जागी पायच्या निम्म्यातून क्ष वजा करून ठेवला की साइनचा कोसाइन होतो. मूळ आणि बदललेले अशी दोन्ही संकलने एकत्र केली की अपूर्णांकांची बेरीज सगळीकडे एकच येते. एकूण पायचे निम्मे, आणि त्याच्याही निम्मे आपले उत्तर. ज्या मुलाने जोडी लावण्याची कल्पना आठवीत मनापासून वापरली आहे, त्याला ती बारावीत कलनाच्या वेषातही ओळखू येते. एका परीक्षेतून दुसरीत काही जात असेल तर ते हे. धडा जात नाही, कल्पना जाते.

पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चारही पर्यायांत घाताचा उल्लेख नाही, अर्थात घात कोणताही असला तरी उत्तर तेच, हे चतुर विद्यार्थी ताडतो. मग घात शून्यच का घेऊ नये? अपूर्णांक अर्धा, लांबी पायच्या निम्मी. उत्तर पाय भागिले चार. पाच सेकंद लागले आणि गणित करावेच लागले नाही! सीईटीत या युक्तीला पूर्ण गुण आहेत. ऑलिम्पियाडच्या उत्तरपत्रिकेत हीच युक्ती लिहिली तर परीक्षक म्हणेल, एका घाताला खरे ठरले ते सर्व घातांना खरे कशावरून? तेथे या युक्तीने पोट भरत नाही. विशेष उदाहरण घेऊन पाहणे ही चांगल्या गणितज्ञाचीही सवय असते, पण त्याच्या दृष्टीने ती सुरुवात असते; प्रवेश परीक्षेत तोच शेवट ठरतो.

आता तोट्याची बाजू. रविवारी सकाळी आठ-दहा मुलांना घेऊन मी असले प्रश्न सोडवतो. त्यांत मराठी शाळेतली मुले असतात, कानडी शाळेतली असतात. फळ्यावर एकाच सिद्धतेत एक जण 'म्हणून' लिहितो तर दुसरा 'आद्दरिंद', आणि दोघांचे एकमेकांवाचून अडत नाही. या मेळ्यात खानापूरकडच्या एका खेड्यातून एक मुलगी येत असे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग विज्ञान शाखा आणि इंग्रजी. तिची बुद्धी चांगली, चिकाटी त्याहून चांगली. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षी तिने सीईटीचा पहिला सराव पेपर सोडवला आणि साठांपैकी एकेचाळीसच प्रश्नांना हात लावला. एका प्रश्नाशी ती सात मिनिटे झुंजत बसली होती. तिच्यापेक्षा कितीतरी कमी जाण असलेल्या मुलांनी साठच्या साठ गोल काळे केले आणि तिच्यावर मात केली. दंड नसलेल्या परीक्षेत एकही गोल कोरा ठेवणे हा अव्यवहार आहे. पण जे सिद्ध झाले नाही ते लिहायचे नाही ही तिची शिस्त. स्पर्धेच्या सरावाने तिला जी सवय लावली, तीच येथे आडवी आली.

तिचे वडील मला भेटायला आले. "सर, ही रविवारचं बंद करू दे काय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी म्हणालो, "दोन महिने बंद करू द्या. तिला घड्याळ लावून रोज एक पेपर सोडवायला सांगा. न येणारा प्रश्न सोडून पुढे जाणं हाही एक अभ्यासच आहे, तो तिचा राहिला आहे." तिने तसे केले. ऑलिम्पियाडचे पुस्तक ट्रंकेत गेले. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तिने पेपरांमागून पेपर सोडवले आणि शेवटी तिला सरकारी जागा मिळाली. हे यश कशाचे, असे मला कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर असे : गुणांचा मोठा वाटा घड्याळ लावून सोडवलेल्या पेपरांचा. रविवारच्या गणिताने तिला जे दिले ते निराळे होते, आणि ते तिनेच मला पुढे एकदा सांगितले. "सर, न येणारं गणित दिसलं की आता मला भीती वाटत नाही. रविवारी तेच तर करत होतो आपण." परीक्षेच्या हॉलमध्ये कित्येक हुशार मुलांचा पेपर एका अनोळखी प्रश्नाने बिघडतो. तो प्रश्न एका गुणाचा असतो, पण त्याच्या धास्तीने पुढचे दहा जातात. हे दहा ज्याचे वाचतात त्याला सरावाचा फायदा झाला, असे मी म्हणतो. मात्र हा फायदा कोणत्याही गुणपत्रिकेत वेगळा छापलेला नसतो.

आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. कर्नाटकात अभियांत्रिकीचा क्रमांक ठरताना निम्मे वजन सीईटीचे आणि निम्मे पीयूसीच्या गुणांचे असते. पीयूसीची परीक्षा लेखी; तेथे रीत लिहावी लागते, पायऱ्यांना गुण असतात. सिद्धता लिहिण्याचा हात ज्याला बसला आहे, त्याला या निम्म्या भागात तो सरळ उपयोगी पडतो. शिवाय अगदी वरच्या टप्प्यापर्यंत पोचणाऱ्यांसाठी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांनी वेगळी वाट ठेवली आहे, आणि २०२५ च्या प्रवेशापासून मद्रास व कानपूर येथील आयआयटींनीही ऑलिम्पियाडच्या विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखल्या आहेत. पण ही वाट हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांची. तिच्या आशेने कोणी या अभ्यासाला लागू नये.

परीक्षा आणि गणित यांचे हे भांडण आजचे नाही. केंब्रिजची 'ट्रायपॉस' परीक्षा एके काळी अशीच होती. खाजगी शिक्षक विद्यार्थ्यांची तालीम घेत, उत्तीर्णांची क्रमवार यादी लागे, आणि यादीत पहिला येईल तो 'सीनियर रँग्लर'. १८९९ साली हा मान आपल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांनी मिळवला (दुसऱ्या एका विद्यार्थ्यासह बरोबरीने), आणि 'रँग्लर' हा शब्द मराठी घरांत एखाद्या पदवीसारखा रुजला. त्याच्या आदल्याच वर्षी चौथा आलेला हार्डी, जो पुढे रामानुजनचा हितकर्ता झाला, तो मात्र या परीक्षेचा कट्टर वैरी बनला. ही शर्यत इंग्लंडातले गणित मारते आहे, असे त्याचे मत. अखेर १९०९ नंतर क्रमवार यादी बंद झाली.

आपल्याकडे या गोष्टीचा पुढचा धागा फार सुंदर आहे. परांजपे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्या नावाने तेथे गणिताचे एक पारितोषिक ठेवले गेले. ते पाठांतराला वा क्रमांकाला नव्हते, तर स्वतंत्र गणिती कामाला होते. १९२७ साली ते एका विद्यार्थ्याला मिळाले. त्याचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. कापरेकर पुढे देवळालीला शाळामास्तर झाले आणि आयुष्यभर संख्यांशी खेळत राहिले. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि हेच पुन्हा करत राहा. १९७१ घेतली तर ९७११ वजा ११७९ म्हणजे ८५३२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. कोठूनही निघा, जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ येथे पोचता. आज ही संख्या जगभर कापरेकरांच्या नावाने ओळखली जाते. परीक्षेतल्या सर्वोच्च यशाच्या नावाचे बक्षीस एका परीक्षेबाहेरच्या गणितज्ञाला मिळावे, यात मला फार अर्थ दिसतो. दोन्ही गोष्टी एका घरात नांदू शकतात. मात्र कोणत्या खोलीत कोण, हे ठरवून घ्यावे लागते.

ते न ठरवल्याचे परिणाम मी रोज पाहतो. सीईटीत गणितात उत्तम गुण घेतलेली मुले पदवीच्या वर्गात येतात आणि दोन विषम संख्यांची बेरीज सम का, हे चार ओळींत लिहा म्हटले की तीन अधिक पाच बरोबर आठ असे लिहून थांबतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आयआयटीची प्रवेश परीक्षादेखील २००६ पासून पूर्णपणे वस्तुनिष्ठ झाली. त्यापूर्वी तेथे रीत लिहावी लागे. गणिती विगमन, म्हणजे इंडक्शन, हे सिद्धतेचे पहिले हत्यार. ते आधी अकरावीच्या पुस्तकातून गळाले आणि २०२४ साली जेईई मेनच्या अभ्यासक्रमातूनही गेले. तेव्हा 'का' हा शब्द कोठेतरी शिकायचा तर तो रविवारच्या फळ्यापुढेच शिकावा लागेल, अशी वेळ आली आहे.

तेव्हा त्या वडिलांना माझे उत्तर असे. मूल आठवी-नववीत असेल आणि त्याला गोडी वाटत असेल, तर जरूर पाठवा. ती दोन-तीन वर्षे मोकळी असतात, आणि तेव्हा रुजलेली कल्पना बारावीत फळ देते. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षी केवळ सीईटीसाठी हा अभ्यास सुरू करू नका. तेव्हा तोच वेळ पेपर सोडवण्यात जावा. गोडी नसेल तर कधीच पाठवू नका, कारण सक्तीने सोडवलेले कोडे हे दुसऱ्या एखाद्या शिकवणीसारखेच होते. पुस्तक हवे असेल तर 'चॅलेंज अँड थ्रिल ऑफ प्री-कॉलेज मॅथेमॅटिक्स' घ्या. त्याच्या चार लेखकांपैकी वेंकटाचल आणि प्राणेशाचार यांनी बंगळूरला बसून देशभरातल्या मुलांना या स्पर्धेसाठी घडवले आहे.

विद्यार्थिमित्रांसाठी जाता जाता एक प्रश्न. कापरेकरांचा खेळ तीन अंकी संख्येवर खेळा; अंक सारखे नसावेत, वजाबाकी ९९ आली तर ती ०९९ अशी लिहा. तुम्ही नेहमी ४९५ येथे पोचाल. उत्तर मी सांगून टाकले आहे, पर्याय दिलेले नाहीत आणि वेळेचे बंधनही नाही. 'का' तेवढे शिल्लक आहे. मराठीत लिहा वा कानडीत लिहा, पण लिहून आणा. रविवारी सकाळी मी फळ्यापाशी असतो.